बाईंच्या सहीच्या वर लिहिलेले एक वाक्य

डॉ. सुलोचना रानवडे यांची आणि माझी ओळख एका वाकड्यातिकड्या रेषेने करून दिली. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. त्यांनी नाव-गाव काही न विचारता एक आलेख माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "यात काय काय नाही, ते सांगा." मी लातूरहून रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून आलेला, चाकणच्या एका कंपनीत वर्षभर कंत्राटी शिफ्टा करून वैतागलेला, आणि तरीही स्वतःला फार हुशार समजणारा. आलेखात काय आहे हे मी घडाघडा सांगू लागलो. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे मशीनपण सांगतं. काय नाही ते सांगितलंत तर तुम्हाला ठेवून घेईन." त्या दिवशी मला अर्धेच उत्तर आले. तरी त्यांनी मला ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून 'अहो बालाजी'चे 'अरे बालाजी' झाले.

बाईंचा हा गौरवग्रंथ वाचणारे सगळेच आमच्या धंद्यातले नसणार, म्हणून थोडे सांगून ठेवतो. पदार्थावर अवरक्त प्रकाश टाकला, की त्यातले रेणू आपापल्या स्वभावाप्रमाणे त्यातला काही भाग शोषून घेतात आणि कागदावर शिखरे-दऱ्यांची एक रेषा उमटते. एका पदार्थाची रेषा दुसऱ्यासारखी नसते. दुसरी तऱ्हा क्ष-किरणांची. स्फटिकातून जाताना ते ठरावीक दिशांनाच फाकतात, आणि त्या दिशा मोजून आत अणू कसे रचले आहेत हे काढता येते. रेणू कोणी डोळ्यांनी पाहत नाही. तो कसा वागतो ते पाहायचे आणि त्यावरून तो कसा असेल ते ठरवायचे. बाई आयुष्यभर हेच करत आल्या आहेत.

त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरव समितीने मला 'बाईंच्या शास्त्रीय कार्याचा आढावा' घ्यायला सांगितले आहे. तो मी जमेल तसा घेतो. पण माझे खरे काम दुसरे आहे. आमच्या वर्तुळात 'बाईंची ती एक चूक' म्हणून जी गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, ती चूक बाईंची नव्हती. ती माझी होती. गेल्या तेरा वर्षांत मी हे कुठेही बोललो नाही. बाईंच्या हयातीत, बाईंच्याच ग्रंथात ते छापून यावे, एवढ्यासाठी मी लिहायला बसलो आहे. समितीला हे रुचेल की नाही ठाऊक नाही. समितीत माझे दोन मित्र आहेत, त्यांच्यावर माझी भिस्त आहे.

बाई मूळच्या पुनावळ्याच्या, तिथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांचे धाकटे बंधू तात्या अजून तिथेच राहतात, त्यांच्याच वावरात उभ्या राहिलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. बाईंच्या डॉक्टरेटची हकीकत ऐकावी तर तात्यांकडून. "आक्का पुन्याला शिकायची," ते सांगतात. "एक दिस बरणीत कसलं तरी पानी घेऊन आली. म्हनली, कॉलेजात रस्त्याची धडधड हाय, हितं ठेवते, ह्याला धक्का लागला न्हाई पायजे. फडताळात ठेवली बरणी. आमी महिनाभर घरात मांजरावानी चाललो. दार आपटायचं न्हाई, उखळात कांडायचं न्हाई. दादा तर शिंक आली की भाईर पळायचे. आन् महिन्यानं बरणीत घावलं काय, तर साखरंएवढा खडा."

त्या साखरेएवढ्या खड्यावर बाईंनी क्ष-किरण सोडले, फिल्मवर उमटलेले शेकडो ठिपके एकेक करून मोजले आणि जवळजवळ वर्षभर आकडेमोड करून त्या रेणूतला प्रत्येक अणू कुठे बसला आहे ते शोधून काढले. दादांनी, म्हणजे बाईंच्या वडिलांनी, विचारले, "मंग ह्याचा उपेग काय?" बाई म्हणाल्या, "आता ते कसं हाय ते कळलं." वडिलांनी मान हलवली आणि शेजारीपाजारी सांगून आले, की आमच्या सुलीला ते कसं हाय ते कळलं. या कामावर पुढे बाईंचे जे शोधनिबंध आले त्यांची यादी ग्रंथाच्या शेवटी दिली आहेच. मला त्या यादीपेक्षा शिंक आल्यावर अंगणात पळणारे ते गृहस्थ जास्त आवडतात.

पुढे बाईंनी पिंपरीच्या महाविद्यालयात सेवानिवृत्तीपर्यंत शिकवले. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या घराची बेल वाजवून शंका विचारणारे विद्यार्थी दोन पिढ्यांचे आहेत. निवृत्त झाल्यावर माणसे पायाला विश्रांती देतात. बाईंनी दोन जुन्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून भोसरीत गाळा घेतला, क्ष-किरणांचे एक वापरलेले यंत्र मिळवले आणि आसपासच्या कारखान्यांचे नमुने तपासायला घेतले. रबर, रंग, गंज, वंगण, प्लॅस्टिक, जे येईल ते. महाविद्यालयातल्या काही सहकाऱ्यांना हे खटकले. एवढ्या विदुषीने कारखान्यांची कळकट चिंधी तपासत बसावे, असे ते म्हणत. बाई म्हणायच्या, "चिंधीतपण रेणूच असतात की."

त्यांच्याकडे लहान काम आणि मोठे काम असा भेद मी पाहिला नाही. एकदा पुनावळ्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी दोन पुड्या घेऊन आले. एकीत बोअरच्या पाण्याने गीझरच्या कांडीवर धरलेला पांढरा थर, दुसरीत गच्चीवरच्या टाकीतला. एक खडबडीत आणि चिवट, दुसरा बोटाने भुगा होणारा. पाणी एकच, मग कोणीतरी टाकीत काही मिसळतो आहे, अशी त्यांची खात्री होती आणि संशय टँकरवाल्यावर होता. बाईंनी दोन्ही पुड्या क्ष-किरणांखाली घातल्या. दोन्हींत तेच कॅल्शियम कार्बोनेट निघाले. फक्त गीझरच्या उष्णतेत त्याचे अणू वेगळ्या रचनेत बसले होते. सेक्रेटरींना हे काही केल्या पटेना. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, पाहुणे तेच आहेत, पंगत वेगळी मांडलीय." सेक्रेटरी हसले आणि टँकरवाल्याची झंझट तिथेच मिटली. माझ्या कितीतरी वर्षांच्या पुस्तकी अभ्यासातून जे डोक्यात उतरले नव्हते ते त्या एका पंगतीने उतरले.

माझ्यावरचे त्यांचे उपकार मोजायला बसलो तर समितीने दिलेली पाने पुरणार नाहीत. एकच सांगतो. मी तेव्हा मोशीला पाच जणांबरोबर एका खोलीत राहत होतो आणि दुपारी वडापाववर भागवत होतो. रुजू झाल्यावर आठवडाभरात बाई दोन डबे आणू लागल्या. "तात्याच्या घरून भाकरी जास्त येतात, वाया जातात," असे म्हणायच्या. वर्षभर मी त्या भाकरी खाल्ल्या. पुढे एकदा तात्यांना भेटलो तेव्हा वहिनींच्या हाताची तारीफ केली. "आमच्याकडनं कुठली भाकर? आक्का सकाळी पाचला उठून सोता थापती," ते म्हणाले. मी हे बाईंकडे कधी काढले नाही. त्यांनीही तात्यांच्या भाकरी थांबवल्या नाहीत.

आता त्या गोष्टीकडे येतो. त्यासाठी बाईंच्या कामाच्या दोन सवयी आधी सांगायला हव्यात.

आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी, सहीच्या वर, मराठीत चार ओळी असत. आकडे आणि आलेख साहेबांसाठी. या चार ओळी यंत्रावर उभ्या असलेल्या माणसासाठी. दुसरी सवय शनिवारची. आठवडाभरात काढलेले सगळे आलेख त्या दिवशी लांब टेबलावर नावे झाकून मांडायचे, चहा घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून पुन्हा एकदा पाहायचे. कोणत्या कंपनीचा कोणता, हे कळता कामा नये. शिवाय प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग न वापरता कपाटात राखून ठेवायचा, हे तर आमच्याकडे देवाच्या नैवेद्यासारखे होते.

तेरा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याच्या आधी बाईंच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि त्या पंधरा दिवस घरी होत्या. खंडेनवमीला या पट्ट्यात प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा होते. आमच्याकडेही होते, पण बाईंच्या शिस्तीत. यंत्राला एक फूल, आणि हळदकुंकू टेबलाच्या पायाला. "कुंकवाचा कण आत गेला तर तोच दिसत राहील वर्षभर," असे त्या म्हणायच्या. त्या वर्षी बाई नव्हत्या आणि मी प्रमुख होतो. आदल्याच आठवड्यात मी हप्त्याने मोटारसायकल घेतली होती आणि तिच्यासोबत चकाकी आणणाऱ्या पॉलिशचा एक फवारा मिळाला होता. मी कुंकू कुठे लावले नाही. बाईंची शिस्त मी मोडणार थोडाच. मी फक्त त्या पॉलिशने सगळे पुसून काढले. यंत्राची झाकणे, काम करायचा स्टीलचा ट्रे, चिमटे. प्रयोगशाळा अशी लखलखली, की मी तिचे फोटो काढून, बाईंना दाखवायला म्हणून, त्यांच्या मुलाला पाठवले.

असल्या पॉलिशमध्ये सिलिकोन असते, आणि ते ज्याला लागेल त्याच्या आलेखात दिसते. आमच्या धंद्यातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे ठाऊक असते. मला ठाऊक होते. पण त्या दिवशी ते यंत्र माझ्या लेखी यंत्र नव्हतेच, देव होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकणच्या एका कारखान्यातून रंगाचे पापुद्रे आले. गाड्यांच्या भागांना रंग दिला, की त्यावर बारीक बारीक खड्डे पडत होते आणि माल परत येत होता. मी पापुद्रा चिमट्याने उचलला, ट्रेवर ठेवला, मग यंत्राखाली घातला. आलेखावर सिलिकोनचे टोकदार शिखर ठसठशीत उभे. मला आनंद झाला. रंगाचे खड्डे आणि सिलिकोन ही जोडी आमच्याकडे प्रसिद्धच आहे. संध्याकाळी अहवाल घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. मी आलेख वाचून दाखवला, त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि सही केली.

खालच्या चार मराठी ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या नाहीत. त्यात शेवटचे वाक्य मी असे लिहिले होते: 'सदर सिलिकोन महिला कामगाराने हाताला अथवा केसांना लावलेल्या प्रसाधनातून आले असावे.' हे मला आलेखावर दिसले नव्हते. कारखान्याच्या माणसाने नमुना देताना सहज म्हटले होते, की त्या जागेवर एक बाई काम करते. तेवढ्यावरून मी ते लिहिले, कारण वाक्य छान जमले होते. घाईत वाचायचे राहिले, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. घाई नव्हती. बाईंनी ते खोडले असते, हे मला माहीत होते.

पुढच्या शनिवारी नसल्या तरी त्याच्या पुढच्या शनिवारी बाई काळा चष्मा लावून हजर झाल्या. दोन आठवड्यांचे आलेख मांडले. बाई टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालत गेल्या. चहा निवला. मग त्यांनी चार आलेखांवर बोट ठेवले. एक रबराचा, एक पिशवीच्या प्लॅस्टिकचा, एक वंगणाचा आणि एक त्या रंगाचा. चारही ठिकाणी तेच टोक होते, कुठे मोठे, कुठे जेमतेम.

"चार गावची चार माणसं," त्या म्हणाल्या, "आणि सगळ्यांच्या अंगात एकाच कापडाचा सदरा? हे त्यांचं नाही. हे आपलं आहे. बालाजी, दसऱ्याला काय पुसलंस?"

मी सांगितले. त्यांनी अहवालाची प्रत मागवली आणि ती डोळ्याजवळ धरून शेवटपर्यंत वाचली. बाई रागावल्या की त्यांची बोली पुनावळ्याला जाते, हे आम्हाला ठाऊक होते. त्या एवढेच म्हणाल्या, "ह्ये वाक्य तुला कुठं दिसलं?" त्यांनी कारखान्यात फोन लावला. त्या जागेवरच्या बाईला कंत्राटदाराने अहवाल आला त्याच दिवशी कामावरून कमी केले होते. तिच्या पिशवीत हाताला लावायचे क्रीम सापडले होते म्हणे. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती.

राखून ठेवलेला अर्धा नमुना बाईंनी सोमवारी स्वतः तपासला. ट्रे नवा, चिमटे धुतलेले. सिलिकोनचा मागमूस नव्हता. एका खड्ड्याच्या मधोमध त्यांनी द्रावकाचा थेंब सोडला, उचलून वाळवला आणि त्याचा आलेख काढला. त्यात यंत्राच्या तेलाची खूण निघाली. रंग फवारायला जी दाबाची हवा वापरतात तिच्यातून कंप्रेसरचे तेल येत होते. मी म्हणालो, "बाई, मी सुधारित रिपोर्ट मेल करून टाकतो." त्यांनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, "गाडी काढायला सांग."

मंगळवारी आम्ही त्या कारखान्यात गेलो. तिथले गुणवत्ता विभागाचे साहेब सज्जन होते, चहा मागवला. बाईंनी रद्द केलेला अहवाल आणि नवा अहवाल समोर ठेवला. साहेब म्हणाले, "मॅडम, चालतं हो. एवढ्यासाठी यायची गरज नव्हती. फिल्टर बदलून घेतो आम्ही."

"आणि ती बाई?"

"ती कॉन्ट्रॅक्टरची. आमच्या रोलवर नाही ती."

"मग कॉन्ट्रॅक्टरला बोलवा."

"तो आता कुठल्या साइटवर असेल, सांगता येत नाही, मॅडम. आणि एक सांगू का, तुम्ही चूक झाली असं लेखी दिलंत तर आमच्या नियमाने तुमच्या लॅबचं नाव यादीतून काढावं लागेल. तुम्हीच विचार करा."

बाईंनी पेन काढले आणि तिथेच लिहून दिले: आमचा अहवाल चुकीचा होता, तपासणीच्या वेळी आमच्याच उपकरणावरील दूषित पदार्थ नमुन्याला लागला, कामगाराविषयीचे वाक्य निराधार आहे, जबाबदारी माझी. खाली सही. मग त्या बाहेर येऊन स्वागतकक्षातल्या बाकावर बसल्या. साहेब मागोमाग आले, "मॅडम, तुमचं ऑपरेशन झालंय, घरी जा तुम्ही." बाई म्हणाल्या, "मी हितंच बसते. मला कुठं जायाचं न्हाई."

सकाळी दहाला बसलेल्या त्या. शिफ्ट सुटली, दुसरी शिफ्ट आत गेली. येणारे-जाणारे काळ्या चष्म्यातल्या त्या म्हाताऱ्या बाईंकडे वळून बघत होते. मी शेजारी बसून जमिनीकडे बघत होतो. चार वाजता कंत्राटदार आला. बाईंनी त्याला ते पत्र मोठ्याने वाचून दाखवले, त्याच्याकडून दुसऱ्या दिवसापासून त्या बाईला कामावर घेतल्याचे लिहून घेतले, आणि मग तिचा पत्ता विचारला. खराबवाडीत एका चाळीत ती राहत होती. तिथे पोचल्यावर बाई मला म्हणाल्या, "तू गाडीपाशी थांब." त्या आत गेल्या, अर्ध्या तासाने बाहेर आल्या. मला वाटले, माझी लाज वाचवावी म्हणून त्यांनी मला बाहेर ठेवले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "कामाला लाग." त्यानंतर या विषयावर एक अक्षर नाही.

त्या कारखान्याच्या यादीतून आमचे नाव गेले, ते तीन वर्षांनी परत लागले. त्यांच्या नियमाने त्यांचे बरोबरच होते. मात्र 'जबाबदारी माझी' हे तीन-चार कारखान्यांत पोचले आणि 'बाईंचीही एकदा चूक झाली होती' अशी ती गोष्ट तयार झाली. पुढे बाईंचे विद्यार्थी ती वर्गात सांगू लागले, केवढ्या मोठेपणाने चूक कबूल केली म्हणून. या ग्रंथासाठी जी पहिली बैठक झाली, तिच्यातही एका प्राध्यापकांनी ती रंगवून सांगितली. सगळे प्रेमाने हसले. बाईही हसल्या. मी समोसा खात होतो. तो मी अर्धाच खाली ठेवला, आणि त्याच रविवारी मी खराबवाडीला गेलो.

ती चाळ आता नाही, पण माणसे सांगतात पत्ता. त्या बाई परभणी जिल्ह्यातल्या, नवऱ्यासोबत कामाला आलेल्या. आता त्याच कारखान्यात नव्या मुलींना रंगकाम शिकवतात. स्वतःच्या दोन खोल्या आहेत. मी नाव सांगितले, भोसरीच्या लॅबमधून आलो म्हणालो. त्यांनी मला खाली बसवले, पाणी दिले आणि म्हणाल्या, "तुमीच का ते, मशीन पुसणारे?"

तांब्या खाली ठेवून मी विचारले, हे तुम्हाला कोणी सांगितले.

"बाईंनी तवाच सांगितलं व्हतं मला," त्या म्हणाल्या. "म्हन्ल्या, मशीन माझ्या पोरानं पुसलं, आन ते तुझ्यावरचं लिवलेलं बी त्याचंच. सही माझी हाय म्हनून कंपनीत मी माझं नाव सांगितलं. पर तुला खरं कळाया पायजे. आत्ता त्यो घाबरलाय, भाईर गाडीपाशी हुबा हाय. येईल सांगाया."

"आणि मी आलो नाही."

"मी दोन-तीन दसरे वाट बघितली. मंग म्हन्लं जाऊ द्या. लई उशीर केला तुमी." हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. उशिरा आलेल्या पाहुण्याला म्हणावे तसे म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

तेव्हा मला कळले, की तेरा वर्षे ज्याला मी बाईंची क्षमा समजत होतो ती क्षमा नव्हती. त्या वाट बघत होत्या. रोज शेजारच्या टेबलावर बसून, भाकरीचा डबा माझ्याकडे सरकवून, मला एका शब्दाने न टोकता वाट बघत होत्या. मला तिथेच, परक्या घरात, रडू आले.

चहा घेताना मी हे सगळे लिहिणार असल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग माझं नाव लिवा. तवाच्या कागदावर नुसतं 'महिला कामगार' व्हतं. कामावरनं गेले ते बी तसंच, आले ते बी तसंच."

त्यांचे नाव मंगल विठ्ठल सोनटक्के. रंगावर पडलेल्या खड्ड्यांशी त्यांचा, त्यांच्या हातांचा किंवा त्यांच्या क्रीमचा काही संबंध नव्हता. त्यांच्याविषयीचे ते वाक्य मी लिहिले होते.

बाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची नजर अजून अशी आहे, की आलेखात नसलेले त्यांना माझ्याआधी दिसते. गुडघे थोडी कुरकुर करतात, पण शनिवारी टेबलाभोवतीच्या दोन फेऱ्या चुकत नाहीत. ते गुडघे, ती नजर आणि सकाळी पाचला भाकरी थापणारे ते हात असेच चालत राहोत, आणि त्यांच्या शंभरीच्या ग्रंथात लिहायला आम्हा सगळ्यांजवळ यापेक्षा बरे काही असो, एवढे मागणे आहे. त्या एका अहवालानंतर या प्रयोगशाळेतून बाईंनी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय एकही कागद आजवर बाहेर गेलेला नाही. हा लेख मी त्यांना न दाखवता समितीकडे देत आहे. यातले प्रत्येक वाक्य माझे आहे, आणि खालची सहीही माझीच आहे.

— बालाजी बिडवे